३१५ बोअर लई लाथ मारते : नळीला भोकं पाडायची का तोंडाला ब्रेक लावायचा?

जांबोटीकर_मास्तर

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातनं लिहूलोय. आमच्या वडिलांची इशापूर फॅक्टरीची ३१५ बोअर रायफल त्यांच्या मागं माझ्या नावावर झाली. डीसी ऑफिसातले खेटे, कानडीतले अर्ज, ठाण्यातली पडताळणी हे पुराण वेगळंच, ते इथं नको.

अडचण अशी की रायफल खांद्याला लावून बार काढला की लाथ बसते. वडील तालमीत वाढलेले, त्यांना काही वाटायचं नाही. मी मराठी शाळेतला मास्तर, अंगानं काटकुळा. रेंजवर पाच काडतुसं मारली की खांदा काळानिळा. आता तर घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागलेत, त्यामुळं नेम कागदाच्या बाहेर.

दोन सल्ले मिळालेत. उद्यमबागेत एका मित्राचं मशीनशॉप आहे. तो म्हणतो, नळीच्या पुढच्या टोकाला वरच्या अंगानं दोन्हीकडं चार-चार भोकं पाडून देतो, त्याला पोर्टिंग म्हणतात, धक्का गायब. दुसरं, व्हिडिओत बघितलं की नळीच्या तोंडाला आटे पाडून मझल ब्रेक, म्हणजे बाजूला भोकं असलेली टोपी, बसवतात. त्यातला माणूस बार काढतो आणि रायफल जागची हलत नाही.

दोन्हीतलं कुठलं चांगलं? ही रायफल डुकरांसाठी नाही, आधीच सांगून ठेवतो. रताळ्याच्या शेतात डुकरं आली तर हवेत बार काढायला चुलत्याची लायसन्सवाली ठासणीची आहे. ही फक्त रेंजवर न्यायची आणि वडिलांची म्हणून जपायची.

शहापूरचा_गडी

मास्तर, भोकं रायफलीला नको, दोन घास जास्त खावा. 😀

टेक्सासचा_टिळकवाडीकर

मूळचा टिळकवाडीचा, आता बरीच वर्षं टेक्सासात. इथं रानडुकरांचा एवढा सुळसुळाट आहे की शेतकरी स्वतःहून बोलावतात. माझ्या ३०८ रायफलीला ब्रेक आहे, म्हणून अनुभवाचं सांगतो.

ब्रेक काम करतो, यात वाद नाही. बार काढल्यावरसुद्धा दुर्बिणीत निशाण दिसत राहतं, गोळी कुठं लागली ते स्वतःला कळतं. पण बाजूला जो उभा असतो त्याचे हाल. आवाज आणि हवेचा झोत आडवा येतो, शेजारच्या बाकावरच्या माणसाची टोपी उडालेली मी बघितली आहे. काही रेंजवर ब्रेकवाल्यांना टोकाच्या बाकावर बसवतात. मी कानात बोळे घालून त्यावर मफ लावतो, दोन्ही. झोपून मारायचं असेल तर पुढची माती तोंडावर येते, त्यासाठी ताडपत्री अंथरावी लागते.

एवढं सोसूनही मी म्हणेन, पोर्टिंगपेक्षा ब्रेक. ब्रेक आवडला नाही तर काढून ठेवता येतो. भोक पाडलं की पाडलं.

हिंडलग्याचा_आर्मरर

मास्तर, मी लष्कराच्या ईएमईतनं आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून निवृत्त झालो. ३०३, एसएलआर, इन्सास, एके, सगळ्यांच्या नळ्या हाताखालून गेल्यात. टिळकवाडीकरांचं ब्रेकबद्दलचं निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष तुमच्या रायफलीला लागू होत नाही. का, ते सांगतो.

आधी हे बघा की लाथ येते कुठनं. गोळी पुढं जाते म्हणून रायफल मागं येते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण नळीतनं गोळी एकटी बाहेर पडत नाही. जळलेल्या दारूचा वायू तिच्या मागनं सुटतो आणि त्याचा वेग गोळीपेक्षा बराच जास्त असतो. मोटर चालू असताना पाण्याचा पाइप हातात धरला की तो मागं रेटतो, तोच प्रकार. म्हणजे लाथेचे दोन भाग, एक गोळीचा आणि एक वायूचा. ब्रेक असो की पोर्टिंग, दोघांचा हात फक्त वायूच्या भागापर्यंत पोचतो. गोळीच्या भागाला कुणीही शिवू शकत नाही.

तुम्ही मास्तर आहात, म्हणून गणितच मांडतो. ३०-०६ रायफल घ्या. गोळी सुमारे ११.७ ग्रॅम, वेग सेकंदाला ८२० मीटर. वजन किलोत घेऊन गुणिले वेग केलं की ९.६ येतात. दारू सुमारे ३.४ ग्रॅम. वायूचा वेग गोळीच्या पावणेदोनपट धरायची रीत आहे, म्हणजे १४४० च्या आसपास. त्याचे ४.९. बेरीज १४.५. म्हणजे तिसरा हिस्सा वायूचा. रायफल ३.६ किलोची असेल तर ती सेकंदाला चार मीटरनं मागं येते आणि खांद्यावर सुमारे २९ ज्यूल ऊर्जा आदळते. समजा ब्रेकनं वायूला पुढं जाऊच दिलं नाही, सगळा आडवा काढला. मग उरले ९.६, आणि ऊर्जा १३ ज्यूलच्या आत आली. निम्म्याहून कमी! वेगाचा वर्ग होतो ना, म्हणून हिस्सा तिसरा असला तरी फरक एवढा मोठा दिसतो. प्रत्यक्षात सगळा वायू कुणाच्या हाती लागत नाही, फरक याच्यापेक्षा कमी पडतो. काही ब्रेक वायूला थोडं मागं वळवतात, ते जास्त काम करतात आणि आवाजही जास्त करतात.

आता तुमची ३१५. हिची गोळी २४४ ग्रेनची, जवळजवळ १६ ग्रॅम. जड आणि त्या मानानं सावकाश. मागची दारू गोळीच्या मानानं थोडी. वायूचा हिस्सा चौथा धरा, तोही मोठ्या मनानं. त्यातला निम्मा ब्रेकनं अडवला तर ऊर्जा पंचवीस टक्क्यांच्या आतच कमी होणार. तेवढ्यासाठी नळीला आटे पाडा, माशी (नेम धरायचं पुढचं टोक) हलवा, मग ब्रेकचं भोक नळीच्या भोकाशी तंतोतंत एका रेषेत आणा. केसभर तिरका बसला तर गोळी ब्रेकच्या पडद्याला घासत जाते. नेम बिघडला तर नशीब समजायचं, कारण ब्रेक फाटूही शकतो.

पोर्टिंगचं वेगळंच. भोकं वरच्या अंगाला असतात, वायू वर सुटतो, नळी खाली दाबली जाते. म्हणजे मुख्य फायदा हा की बार काढल्यावर नळीचं तोंड वर उडतं ते कमी होतं. खांद्याकडं येणारा सरळ धक्का त्यानं फार घटत नाही. पटापट दुसरा बार काढायचा असतो त्यांना तोंड खाली राहिलेलं कामाचं. तुमची बोल्ट ॲक्शन. प्रत्येक बारानंतर बोल्ट उचलणार, मागं ओढणार, पुढं ढकलणार. तेवढ्यात नळी वर गेली काय आणि खाली आली काय! शिवाय गोळी अजून नळीतच असताना भोकातनं वायू सुटायला लागतो, त्या वेळी आत शेकडो वातावरणांचा दाब असतो. संध्याकाळच्या उजेडात नेमक्या माशीसमोर जाळ दिसतो, पुढं काही क्षण डोळ्यांसमोर अंधारी. भोकांत काजळी आणि गोळीच्या कवचाचा कीस साठतो. साफ करणारा मीच होतो म्हणून सांगतोय.

एक गैरसमज इथं बऱ्याच जणांचा असतो, तोही काढतो. एसएलआरच्या तोंडाला जे चिरा पाडलेलं असतं तो ब्रेक नव्हे, फ्लॅश हायडर. जाळ लपवायला. धक्क्याशी त्याचा फारसा संबंध नाही. एकेएमच्या तोंडाचा तिरका कापलेला तुकडा मात्र कॉम्पेन्सेटर, तो वर-उजवीकडं पळणारी नळी खाली-डावीकडं दाबतो. एके-७४ ला खरा ब्रेक आहे आणि तो जबरदस्त आहे. बोफोर्सच्या तोंडावरही ब्रेकच. तिथं माणसाचा खांदा नसतो, तोफेचा गाडा सांभाळायचा असतो.

मग तुम्ही करायचं काय? पुढचं टोक सोडा, मागचं बघा.

दस्त्याला मागं टणक प्लेट असेल, तीच हाडाला लागते. वरनं चढवायचा रबरी किंवा चामड्याचा रिकॉइल पॅड मिळतो, पायमोज्यासारखा ओढून बसवायचा. नळीला हात नाही, रायफलीत बदल नाही, नको तेव्हा काढून ठेवा. पॅडनं ऊर्जा कमी होत नाही. धक्का जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरतो, आणि दुखणं न दुखणं त्यावरच असतं. पॅड रुंद घ्या. ३०३ ची ती आखूड जंगल कार्बाइन यायची, नंबर ५. नेहमीच्या रायफलीपेक्षा जवळजवळ एक किलोनं हलकी, त्यात दस्त्याला अरुंद रबर. सगळा मार त्या चिंचोळ्या पट्टीवर. जवान तिच्या नावानं बोटं मोडायचे. म्हणजे रबर आहे म्हणून भागत नाही.

वजन वाढवलं तरी फरक पडतो. साडेतीन किलोला अर्धा किलो जोडला तर ऊर्जा बारा टक्क्यांनी उतरते, फुकटात. पट्टा, दस्त्यावरची काडतुसांची पिशवी, यातनं थोडं जमतं.

आणि धरायची पद्धत. दस्ता दंडावर किंवा गळ्याच्या हाडावर नको, मधल्या मांसल खळग्यात घट्ट ओढून. सैल धरली की रायफल आधी वेग घेते आणि मग आदळते. बाकावर बसून वाकून मारू नका. उभं राहून मारा, अंग मागं जायला मोकळं राहतं. बाकावर सगळी लाथ एका जागी मुरते. डोळे मिटायची सवय मोडायची तर पॉइंट टू टूवर (.२२ च्या हलक्या रायफलीवर) परत जा. आणि कोणाला तरी ३१५ भरून द्यायला सांगा, मधेच रिकामी द्यायची. तुम्हाला कळता कामा नये. घोडा दाबताना रिकामी रायफल खाली झुकली की आपलं काय चुकतंय ते सगळ्या रेंजला दिसतं.

उद्यमबागेच्या मित्राला मात्र हात जोडून नको म्हणा. आर्म्स ॲक्ट १९५९, कलम ५. परवाना नसलेल्या माणसानं बंदूक बनवणं, दुरुस्त करणं, तिच्यात बदल करणं गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा सात वर्षं आहे आणि वरची हद्द जन्मठेप. भोकं पाडलेली नळी घेऊन निवडणुकीआधी ठाण्यात जमा करायला जाल तेव्हा हवालदार आधी तेच विचारणार. तुमच्या नळीवर प्रूफचा, म्हणजे दाबाच्या चाचणीचा, शिक्का आहे, तो न कापलेल्या नळीसाठी आहे.

उद्यमबाग_स्पार्क

मी तो मित्र नव्हे! पण धंदा तोच, डाय-मोल्डचं काम, ईडीएम (ठिणग्यांनी धातू कापणारी मशीन) दोन आणि वायरकट एक. असली विचारणा वर्षाकाठी येते एखादी, आम्ही दारातनंच परत पाठवतो. कारण आर्मरर साहेबांनी सांगितलं तेच.

तांत्रिक बाजू थोडी जोडतो. परदेशात पोर्टिंग करणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या ड्रिल वापरत नाहीत, ईडीएमच वापरतात. ड्रिल नळीच्या आत बाहेर पडताना काठाला बर, म्हणजे धातूची बारीक कुसळं, सोडतो. तो बर रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या वळणदार खाचांच्या, आत, जिथं फाइल पोचत नाही. पहिलीच गोळी त्याला घासून जाणार. ईडीएममध्ये इलेक्ट्रोड धातूला टेकतच नाही, डायइलेक्ट्रिक तेलात ठिणग्या पडत धातू झिजतो, म्हणून बर येत नाही. पण वितळून परत थिजलेला एक पातळ कडक थर मागं राहतो, त्यात बारीक तडे असू शकतात. डायमध्ये आम्ही तो पॉलिश करून काढतो. नळीच्या भोकाच्या आतल्या काठावर कोण काढणार?

लाझारेंको नवरा-बायकोनं १९४३ मध्ये रशियात ही पद्धत काढली, ती मोडलेले टॅप-ड्रिल काढण्यापासून विमानाच्या भागांपर्यंत सगळीकडं चालते. मास्तरांच्या मित्राकडं मशीन असेलही उत्तम. मशीन असणं आणि दाबाखालची नळी कापायचा अधिकार असणं यात फरक आहे.

जांबोटीकर_मास्तर

आर्मरर साहेब, एवढं सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. गणित वहीत उतरवून घेतलं, दहावीच्या पोरांना संवेग अक्षय्यतेसाठी हेच उदाहरण देणार. (ज्यूलचं गणित मी परत करून बघितलं, बरोबर येतं.)

पण एक शंका राहतेच. व्हिडिओतल्या माणसाची रायफल खरोखर हलत नव्हती. ट्रिक फोटोग्राफी म्हणायची का?

हिंडलग्याचा_आर्मरर

ट्रिक नाही. त्याच्या हातात बहुतेक ५.५६ ची असणार. तिची गोळी साडेतीन ग्रॅमची, दारू पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गोळीच्या निम्मी! वर वेग सेकंदाला हजार मीटरजवळ. तुमच्याच वहीत मांडा, वायूचा हिस्सा ४५ टक्क्यांपर्यंत जाईल. अशा रायफलीला ब्रेकला पकडायला भरपूर माल मिळतो. आणि मुळात तिची लाथ तुमच्या ३१५ च्या मानानं किरकोळ. उरलेली त्याच्या हातानं खाल्ली. एके-७४ चा ब्रेक एवढा गुणकारी का, त्याचंही उत्तर यातच आहे, ५.४५ ची गोळीही तशीच हलकी आणि वेगवान.

त्या व्हिडिओत बाजूला उभे असलेले लोक दिसले का? कॅमेरा त्यांच्याकडं वळवत नाहीत.

टेक्सासचा_टिळकवाडीकर

मामा, ३१५ च्या बाबतीत मान्य. इथं ती कुणी बघितलेलीसुद्धा नाही, मी ३०८ वरनं बोललो. तरी एक म्हणणं आहे. तुम्ही आवाजाला एका ओळीत उरकलंत. ब्रेक नसतानाही रायफलीचा आवाज १४० डेसिबलच्या वर असतो आणि कानाला तेवढा एकच बार पुरतो. ब्रेकनं आणखी पाच-दहा वाढतात, कारण वायू मारणाऱ्याच्या दिशेनं वळतो. मास्तरांनी पॅडच्या आधी कानाचा मफ घ्यावा. डोळे मिटतात ते कितीदा लाथेपेक्षा आवाजानं मिटतात.

हिंडलग्याचा_आर्मरर

हे शंभर टक्के. आमच्या बॅचमधल्या निम्म्यांना आता टीव्ही मोठ्यानं लावावा लागतो. आमच्या वेळी कानात कापूस घालायचे, तोही कुणी घातला तर.

कोल्हापूरी_नेमबाज

सीमेपलीकडनं नमस्कार. मी क्लबमध्ये .२२ मारते. आमच्याकडं हा प्रश्नच येत नाही, कारण आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) नियमात रायफलीला ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर दोन्ही बंद, नळीला भोकही चालत नाही. राधानगरीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, आमच्या तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनच्या (झोपून मारायच्या प्रकाराच्या) विश्वविजेत्या झाल्या, सगळं साध्या नळीवर. नाहीतरी .२२ मध्ये दारू चिमूटभरसुद्धा नसते, ब्रेकनं काय मिळणार?

मास्तरांना एक सांगते. आर्मरर काका म्हणाले तसं .२२ वर परत या, पण तिथंही मफ लावून आणि ३१५ ज्या पद्धतीनं धरता तशीच घट्ट धरून. हलकी रायफल म्हणून सैल धरायची सवय लागली की मोठीवर परत गेल्यावर पहिलाच बार खांद्यावर बसतो. आणि एका दिवशी ३१५ ची पाच काडतुसं कशाला? दोन मारा, बाकी वेळ .२२. खांदा दुखायच्या आत थांबलं की डोळे मिटायची सवय लागत नाही.

जांबोटीकर_मास्तर

ताई, हे जमण्यासारखं आहे. तसंही खडकीची काडतुसं आता काही स्वस्त नाहीत.

मित्राला काल सांगितलं. तो थोडा हिरमुसला, म्हणाला जिग (नळी पकडायचा साचा) पण डोक्यात तयार होता. पॅड बघायला बेळगावच्या लायसन्सवाल्या दुकानात जाणार आहे. आर्मरर साहेब, पॅडनं दस्ता इंचभर लांब होईल, माझे हात आखूड. त्यानं उलटा त्रास होईल का?

हिंडलग्याचा_आर्मरर

होऊ शकतो, चांगलं विचारलंत. दुकानातच बघा. उजवा कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या खोबणीत टेकवा, बोट घोड्यापर्यंत आरामात पोचलं पाहिजे, पहिल्या पेरापर्यंत. ताणावं लागलं तर लांब झाली. मग जाड पॅड सोडून पातळ पण मऊ घ्या. लांब दस्ता असला की माणूस तो दंडाकडं सरकवतो आणि मग दुखतं. फार आखूड असला तर अंगठा नाकावर येतो. थंडीच्या जाड स्वेटरवर मापू नका, रेंजवर जो शर्ट घालणार तो घालून जा.

निपाणीचा_तंबाखूवाला

विषय निघालाच आहे तर माझंही. घरी १२ बोअर दुनाळी आहे. पुण्याचा पाहुणा म्हणतो, तिच्या तोंडाला भोकंवाली चोक ट्यूब (नळीच्या तोंडात आट्यांवर बसणारी छोटी नळी) बसवून घे, धक्का निम्म्यावर येतो. खरं का?

हिंडलग्याचा_आर्मरर

नाही. १२ बोअरमध्ये छर्रे ३२ ग्रॅम, दारू दोन ग्रॅमच्या आतच. वायूचा हिस्सा सात-आठ टक्के. तो सगळा काढला तरी खांद्याला जेमतेम कळेल. ट्यूबवाल्या बंदुकीचं तोंड थोडं कमी उडेल, एवढंच. आणि आपल्याकडच्या जुन्या दुनाळीला ट्यूबसाठी आतनं आटेच नसतात, ते पाडायचे म्हणजे परत कलम ५. हलकी काडतुसं मारा, २८ ग्रॅमची मिळाली तर बघा. तुमची दुनाळी किती जुनी, आणि बिजागरी हलते का ते आधी सांगा. पाहुण्याला नंतर उत्तर देऊ.